अर्ध्या तासावरचं नागपूर

बाबा अमेरिकेत माझ्याकडे फ्रीमाँटला आले तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ बदललं नाही. विमानतळावरून घरी येताना गाडीतच मी म्हटलं, "बाबा, घड्याळ लावून घ्या. इथे दुपारचे तीन वाजलेत." त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. काटे साडेतीनवर होते. "अर्ध्या तासाचाच फरक आहे ना," ते म्हणाले, "राहू दे मग." आता यांना काय सांगायचं, की ते साडेतीन पहाटेचे आहेत, मधे अख्खी रात्र आहे, अख्खा समुद्र आहे? काट्यांच्या घड्याळाला दिवस काय आणि रात्र काय. उन्हाळ्यात नागपूर आमच्या साडेबारा तास पुढे असतं, म्हणजे तबकडीवर पाहिलं तर निव्वळ अर्धा तास. मी इतकी वर्षं इथे राहतेय, दर रविवारी घरी फोन करतेय, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाबा नागपूरच्या घरात एकटे. सकाळी वरण-भात शिजवायचे आणि रात्री तोच गार खायचे. फोनवर विचारलं की म्हणायचे, "मस्त आहे." मी इकडे तळमळायची. अमेरिकेची नागरिक झाले ती, खरं सांगते, बाबांना कायमचं आणता यावं म्हणून. त्यांचं ग्रीन कार्ड मंजूर झालं त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. मला एकच गोष्ट हवी होती: बाबांनी आता इथे, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर राहावं. कायमचं. त्यांना विचारलं की ते म्हणायचे, "पाहू." बाबांचं हे 'पाहू' मी लहानपणापासून ओळखते. सायकल मागितली तेव्हाही 'पाहू'च होतं.

बाबा नागपूरबाहेरच्या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते. तोफगोळ्याचं पोलादी कवच लेथवर कातायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या खडखडाटात त्यांचा डावा कान गेला. पण कारखान्याचा भोंगा आपल्याला दोन्ही कानांनी ऐकू येतो, असं ते छातीठोकपणे सांगायचे. आमची सगळी कॉलनी भोंग्यावर उठायची, भोंग्यावर जेवायची. फ्रीमाँटला कसला आलाय भोंगा! टाउनहाउसांची रांग, त्यामागे फ्रीवेची अखंड घरघर, आणि त्याच्याही पलीकडे वाळक्या गवताच्या टेकड्या. मी ऑफिसात, नवरा ऑफिसात, लेक शाळेत. एकदा मी दुपारीच घरी परतले तर बाबा खिडकीत उभे. काय पाहताय, म्हणून विचारलं. "कोणी पायी चाललं का रस्त्यानं, ते पाहून राहिलो," ते म्हणाले.

मला शेअरचं वेड आहे, पण ते काही माझं एकटीचं नाही. इथल्या आमच्या सगळ्या मराठी कंपूला ते लागलंय. पुण्याचे असोत, मुंबईचे असोत की आमचे नागपूरचे, पोराच्या वाढदिवसाला केक कापायच्या आत डिफेन्सचे शेअर निघतात. कुणी ड्रोनवाली छोटी कंपनी शोधून काढलेली असते, कुणी रडारवाली. आवाज असा बारीक करून सांगतात की जणू शेजारणीचं लफडंच कळलंय. "यार, आत्ता घे, नंतर हातात नाही येणार." नवरा माझा या सगळ्याला हसतो. "म्हणजे जगात कुठे भांडण पेटलं की आपण खूश व्हायचं?" असं त्यानं एका पार्टीत सगळ्यांसमोर विचारलं, आणि घरी येताना गाडीत माझी बोलणी खाल्ली. पण मला राग आला होता तो त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून.

अशाच एका पार्टीत नागपूरच्या एका कंपनीचं नाव निघालं. अगदी लहान कंपनी, नुकतीच बाजारात आलेली. दुरून येणाऱ्या ड्रोनचा आवाज ओळखणारी पेटी बनवते. अशा पेट्या सीमेवर ठेवून द्यायच्या. कुठून काही घोंगावत आलं तर माणसाच्या आधी त्यांना ऐकू येतं आणि त्या खबर देतात. घरी येऊन मी पत्ता पाहिला तर उडालेच. आमच्या कॉलनीतून कारखान्याकडे जो रस्ता जायचा, त्याच रस्त्यावर. बाबा सायकलवरून रोज जिथून जायचे तिथे. तिथे तेव्हा नुसतं पळसाचं रान होतं.

बाबांना सांगितलं. त्यांनी तो पत्ता मला पुन्हा वाचायला लावला. मग डाव्या कानाला हात लावून म्हणाले, "त्या रस्त्यावर माझा कान गेला, अन् आता तिथं कान बनवून राहिले होय?" आणि हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी त्या कंपनीचे शेअर घेतले. पैसे माझे, खातं बाबांचं, नागपूरच्या बँकेतलं. ती पेटी चालते की नाही, तिला गिऱ्हाईक आहे की नाही, मी काही म्हणजे काही पाहिलं नाही. आमच्या कंपूला कळलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. मला नफा नकोच होता. मला बाबांचा जीव इथे बसल्या बसल्या गुंतेल असं काहीतरी हवं होतं.

आणि गुंतला की! मुंबईचा बाजार सकाळी उघडतो तेव्हा आमच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ कलत असते. आमची जेवणं झाली की बाबा आंघोळीला जायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे, वरची गुंडी लावायचे, केसांना तेल. मग आतल्या खोलीतल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना, आणि मग डायनिंग टेबलावर माझ्या लॅपटॉपसमोर येऊन ताठ बसायचे. स्टीलच्या ग्लासात चहा. लेक म्हणायची, "आजोबा, इट्स ऑलमोस्ट बेडटाइम!" ते घड्याळ दाखवायचे, "सकाळ झाली बाई. फर्स्ट शिफ्ट." बाहेर टेकड्या आधी जांभळ्या व्हायच्या, मग दिसेनाशा व्हायच्या, आणि आमच्या टेबलावर मात्र सकाळ व्हायची. चहाची वाफ, खोबरेल तेलाचा वास, पडद्यावर हलायला लागलेले आकडे. मी शेजारी भांडी पुसत उभी असायची. कधी कधी खरंच वाटायचं की आता आई मागच्या अंगणातून हाक मारेल, डबा घ्या म्हणून.

आकडे बाबा पाहतच नव्हते. हिरवे झाले काय, लाल झाले काय. ते मला विचारायचे, "आता तिथं गेट उघडलं असेल?" मी म्हणायची, उघडलं असेल. "पोरं आत गेली असतील." गेली असतील. "आता त्या वळणावर ऊन आलं असेल." आलं असेल, बाबा. अर्धा तास हे असं चालायचं. नवरा मला हळूच म्हणाला, "हे शेअर बघत नाहीयेत गं, हे घरी जाऊन येतायत." मी म्हटलं, "मग येऊ देत ना! परत इथेच येतात ना?" मी फार खूश होते. वाटलं, जमलं. रोज मनानं जाऊन आले की देहानं इथे राहतील.

नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली. इथे हिवाळा लागताना एका रविवारी सगळा देश तास मागे घेतो, हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी भिंतीवरचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ ते आलटून पालटून पाहत बसले. मी समजावून सांगितलं. ते चिडले. बाबा कधी चिडत नाहीत, चिडायचं काम घरात माझं आहे. "हे काय, मनात आलं अन् तास मागं घेतला? आता दीड तास झाला! कोणाला विचारून?" मी हसले. लेक हसली. ते हसले नाहीत. "लांब गेलं गं नागपूर," म्हणाले, आणि दिवसभर जेवले नाहीत नीट.

मार्चमध्ये घड्याळं पुन्हा तासभर पुढे गेली आणि नागपूर परत अर्ध्या तासावर आलं, तेव्हा त्यांनी मला शिरा करायला लावला.

आमचा एक रविवारचा गट आहे. महाराष्ट्रातली बौद्ध मंडळी. कुणी डॉक्टर, कुणी सॉफ्टवेअरवाले, दोन-तीन विद्यार्थी. कुणाच्या तरी घरी जमतो, त्रिशरण-पंचशील म्हणतो, मग कुणीतरी थोडं बोलतं, मग जेवण. त्या वसंतात एका तरुण इंजिनिअरनं सम्यक आजीविकेवर भाषण केलं. पोटासाठी काय करावं आणि काय करू नये. शस्त्रांचा व्यापार बुद्धानं वर्ज्य सांगितलाय, असं तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसत, "ताई, तुमचे डिफेन्स शेअर कुठे बसतात यात?" झालं! माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "तू ज्या कंपनीत कोड लिहितोस तो कोड कुठे कुठे जातो, ते विचारून ये आधी. मग मला शिकव." बाबा माझ्या शेजारीच बसले होते, उजवा कान पुढे करून. मला त्या पोराचा राग नव्हता. बाबांसमोर बोलला म्हणून जीव जळला होता. ज्या माणसानं आयुष्यभर गोळ्यांची कवचं कातली आणि त्या पगारावर मला शिकवलं, त्याच्यासमोर?

बाबांनी माझा हात दाबला. मग त्या पोराला म्हणाले, "बरोबर विचारलं तू. मी दर बुद्धपौर्णिमेला हाच विचार केला. अन् दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो." एवढंच. तो पोरगा बिचारा कावराबावरा झाला, त्यानं बाबांचे पाय धरले. जेवताना त्यानंच बाबांना भात वाढला. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "बाबा, विकून टाकू का ते शेअर?" ते खिडकीबाहेर फ्रीवेवरचे दिवे बघत होते. "नको," म्हणाले. "ती पेटी नुसती ऐकते ना? मारत नाही ना? असू दे."

उन्हाळा संपता संपता कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना आली. हल्ली या सभा व्हिडिओवर होतात आणि कुणीही छोटा भागधारक आधी नाव देऊन बोलू शकतो. मला कल्पना सुचली. बाबांना बोलायला लावू! अजून गुंततील. मीच नाव दिलं, मीच प्रश्न लिहून दिला: नव्या ऑर्डर किती आल्या, परदेशात माल कधी जाणार. बाबांनी तो शाळेतल्या कवितेसारखा पाठ केला.

सभा नागपूरच्या सकाळी होती. इथे आमची जेवणं नुकतीच आटोपली होती. बाबांनी कोट घातला, माझ्या लग्नातला. नवरा आणि लेकही येऊन बसले. पडद्यावर मधोमध कंपनीचा प्रमुख, चाळिशीतला, गोलसर चेहऱ्याचा. बोलणारे एकेक येत होते. पहिल्यानं प्रमुखाची इतकी स्तुती केली की तो स्वतःच लाजला. एका काकांना ऑर्डरचं काही नव्हतं, पूर्वी कुठल्याही कंपनीच्या सभेला गेलं की नाश्त्याचं खोकं मिळायचं ते बंद झालं याचं दुःख होतं. "कारखाना दाखवा," असं तर जवळजवळ प्रत्येक जण म्हणत होता, आणि प्रमुख हसून "जरूर, जरूर" करत होता. या सभांची ती रीतच आहे. मागायचं आणि जरूर म्हणायचं.

मग बाबांचं नाव पुकारलं गेलं. बाबा उठून उभे राहिले. पडद्यावर त्यांचं पोटच दिसायला लागलं. लेक ओरडली, "आजोबा, सिट डाउन!" पण साहेबासमोर बसायची त्यांना सवय नाही. मीच लॅपटॉप उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला आणि धरून उभी राहिले.

"जय भीम, साहेब," बाबा म्हणाले. "मी तुमच्याच रस्त्यावर राहतो. पुढच्या कॉलनीत."

राहतो म्हणे! वर्षभर माझ्या हातचं जेवून!

मी डोळ्यांनी खुणावलं, प्रश्न, प्रश्न. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. "आता सध्या पोरीकडे आलो आहे, अमेरिकेला. मले एकच विचारायचं होतं. तुमच्याकडे भोंगा आहे का?"

प्रमुख गोंधळला. मग त्याला कळलं, आणि तो मराठीत बोलायला लागला. "नाही हो काका, भोंगा नाही आमच्याकडे. पण कारखाना बघायचाय का तुम्हाला? या ना. केव्हाही या."

"येतो," बाबा म्हणाले.

मी लॅपटॉप खाली ठेवला. हात भरून आले होते. बाबा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट लावत होते. मी हसत म्हटलं, "बाबा, ते सगळ्यांनाच म्हणतात हो, केव्हाही या." 

"ते मले समजत नाही का?" ते म्हणाले. "पण म्हणाला ना. आता तिकीट काढ."

मी भडकले. इतकी की नवरा लेकीला घेऊन वर निघून गेला. काय काय बोलले मी! कार्डासाठी किती वर्षं घातली, तिथे कोण आहे तुमचं, पडलात तर पाणी कोण देणार. शेवटी रडतच म्हटलं, "मला सोडून नका ना जाऊ." बाबा समोर बसले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "तुझ्याकडे मले काही कमी नाही. पण मी इथं दिवसभर संध्याकाळची वाट पाहून राहतो, तिथली सकाळ व्हावी म्हणून. तिथं गेलो की मले वाट पाहा लागणार नाही." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू काहून रडते? अर्धा तास तर आहे." त्यावर मी आणखीच रडले. ज्या दोरीनं मी त्यांना इथे बांधू पाहत होते, तीच धरून ते उलटे चालत निघाले होते, आणि दोरी मीच आणून दिली होती.

ऑक्टोबरात ते गेले. विमानतळावर आत शिरताना त्यांनी मागे वळून हात केला, तेव्हा त्यांच्या मनगटाकडे बघायचं मी टाळलं.

ते कारखाना बघून आले. खरंच गेले, गेटवर सांगितलं मला साहेबांनी बोलावलंय, आणि कमाल म्हणजे आत घेतलं. पुढच्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सोमवारी सकाळी, त्यांनी व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत बसले होते. मागे पोरं-पोरी गाड्या लावून आत जात होती. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन होतं. "आत पोरीच जास्त आहेत गं. पांढरे कोट घालून. अन् आवाजच नाही! एवढा शांत कारखाना मी पाहिला नाही. भीती वाटली मले." त्या पेटीपुढे त्यांना उभं केलं होतं म्हणे. पेटीला ते ऐकू आले. कुणीतरी पडद्यावर दाखवलं, हे बघा काका, हा तुमचा आवाज.

मी डायनिंग टेबलाशी बसले होते. बाहेर काळोख लवकर झाला होता. आदल्या रात्रीच आमची घड्याळं तासभर मागे गेली होती. बाबांनी चहाचा ग्लास तोंडाला लावला तेव्हा बाही वर सरकली आणि घड्याळ दिसलं. त्यांच्याकडे सव्वानऊ वाजले होते. काटे पावणेआठवर होते.

"बाबा," मी म्हटलं, "घड्याळ बंद पडलं का? दीड तास मागे आहे."

"बंद कशाला पडेल?" त्यांनी मनगट फोनजवळ आणलं, मला नीट दिसावं म्हणून. "इथं उतरलो तेव्हाच तुझ्या टायमावर लावलं. अर्धा तासच होतं काल परवापर्यंत. आज सकाळी उठून तास मागं घेतला." मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. "लांब गेली गं तू. जेवली का?"